रानातला बोरू आणि हातातला बोरू

(दिंडीच्या शतकपूर्ती सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी मांडवात झालेलं बोलणं. पोरांनी उतरवून घेतलं, आम्ही वाचून घेऊन थोडं नीट केलं.)



सप्ताहात रोज कीर्तन चाललं आहे. आज दुपारचा हा तास नुसत्या बोलण्याचा ठेवला. दिंडीचालक आम्हाला म्हणाले, "बुवा, आज अभंग लावू नका. आपल्या मनाचं काही बोला." आता अभंगाशिवाय बोलायचं म्हणजे आमच्यासारख्यानं बैलाशिवाय औत धरायचं. आमचं शिक्षण चौथी, धंदा शेतीचा, आणि कीर्तन करतो ते थोरामोठ्यांच्या मागं उभं राहून, ऐकून ऐकून शिकलेलं. तेव्हा मोठा विषय आम्ही घेत नाही. एक शब्द घेतो. दोनच अक्षरं आहेत. बोरू.

आता बघा, शब्द तोंडातून निघाल्याबरोबर मांडवात तीन तऱ्हा झाल्या. पुढं बसलेल्या वडीलधाऱ्यांना शाळेतली लेखणी आठवली. मधल्या शेतकरी मंडळींना हिरवळीचं खत आठवलं. आणि मागं खांबाला टेकलेली पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. तिघांचंही बरोबर आहे, माउली. पोरांचंही बरोबर, कारण त्यांनी एकही बोरू बघितलेला नाही. म्हणून तर हा शब्द घेतला.

आधी रानातला बोरू सांगतो, कारण तो आमच्या जवळचा. ह्यालाच ताग म्हणतात. गाव बदललं की नाव बदलतं. सरळ काडी, लांबट पान, पिवळं धमक फूल, आणि शेंग वाळली की आत बी खुळखुळ्यासारखं वाजतं. जुन्या काळी ह्याचा वाख काढायचे. काड्या कापून पेंढ्या बांधायच्या, पाण्यात बुडवून कुजवायच्या, मग साल सोलून, धुऊन वाळवायची. त्या वाखाची दोरी वळायची. बैलाचा कासरा, गाईचं दावं, ओझ्याचं चऱ्हाट, राहुटीचे तणावे, सगळं वाखाचं. आता नायलॉन आलं. पावसात सडत नाही, चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण बोरूचं खरं काम दोरीचं नाही. खरं काम खताचं. एकरी २० ते २५ किलो बी दाट फोकायचं. पाऊस लागला की चार दिवसांत रान हिरवं होतं. ४५ ते ५० दिवसांत काडी कमरेच्या वर जाते, कुठं छातीला लागते. आता एक काडी मुळासकट उपटून बघा. मुळ्यांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. त्या गाठींत डोळ्याला न दिसणारे जीव राहतात. ते हवेतलं नत्र धरतात. जे नत्र आपण युरियाच्या गोणीतून पैसे मोजून आणतो, तेच नत्र आपल्या डोक्यावर हवेत फुकट भरलेलं आहे. पण उसाला, ज्वारीला ते हवेतून घेता येत नाही. बोरू ते धरतो आणि जमिनीत आणून ठेवतो.

आणि मग काय करायचं? गाडायचा. फूल दिसायला लागलं की त्याच वेळेला. लवकर गाडला तर पाला कमी भरतो, उशीर केला तर काडीचं लाकूड होतं आणि ते लवकर कुजत नाही. पिवळ्या फुलाला आलेलं, वाऱ्यावर डोलणारं उभं रान फळी फिरवून आडवं पाडायचं आणि वरून नांगर घालायचा. नवखा माणूस बांधावरून ओरडतो, "आबा, उभं पीक मोडता व्हय?" होय बाबा, मोडतो. मोडण्यासाठीच पेरलं होतं. हे मोडलं नाही तर ह्याच्या मागून येणारं पीक उभं राहायचं नाही.

पुढं त्या रानात ऊस येतो, ज्वारी येते. लोक बघायला येतात. म्हणतात, "काय ऊस आहे!" कोणी म्हणत नाही की काय बोरू होता. बोरूचं नाव सातबाऱ्यावर राहत नाही, बाजारात राहत नाही, कोणाच्या तोंडी राहत नाही. हा पहिला बोरू. हा ध्यानात ठेवा.

आता दुसरा. हातातला बोरू. ही वनस्पती निराळी. ओढ्याच्या, नदीच्या कडंला उंच गवत वाढतं, आतून पोकळ, पेरापेराचं. त्याला नळ म्हणतात, देवनळ म्हणतात. त्याची वाळलेली कांडी घ्यायची, चाकूनं तासायची, टोक तिरकं छाटायचं, मधे बारीक चीर द्यायची. झाली लेखणी. टोक तिरकं का? तर एकाच टोकातून रेघ कुठं जाड उतरते, कुठं बारीक. बाळबोध अक्षराचं वळण त्यानं येतं. आमच्या वेळेला तिसरी-चौथीला कित्ता होता. दौतीत बोरू बुडवायचा आणि वर छापलेलं अक्षर खाली गिरवायचं. घाई केली की डाग पडायचा. बोरूला घाई चालत नाही. एक दौतीत, एक कागदावर, असं सावकाश चालावं लागतं. वारीत जसं एक पाऊल टाळाला आणि एक पाऊल नामाला, तसं.

ह्या बोरूवर आपला संप्रदाय किती उभा आहे ते बघा. ज्ञानोबारायांनी नेवाशाला शके १२१२ साली ज्ञानेश्वरी सांगितली. सांगितली, हे ध्यानात घ्या. लिहून घेतली ती सच्चिदानंदबाबांनी. तुकोबारायांच्या मुखातून अभंग आले, ते उतरवून घेणाऱ्यांत संताजी महाराज जगनाडे होते. तेल्याचा घाणा हाकणारा माणूस, पण हातात बोरू धरला आणि तुकोबांची वाणी कागदावर आली. चोखोबांचे अभंग अनंतभटांनी लिहिले असं परंपरा सांगते. आणि जनाबाईंचे? जनाबाई जात्यावर बसलेली. तिला कोण लेखक मिळणार? तर परंपरा म्हणते, पांडुरंग स्वतः बोरू घेऊन बसला. माउली, देवाला लिहायला बसायची वेळ का आली, ह्याचा विचार करा. बाकी कोणी लिहिणारं नव्हतं म्हणून.

नाथमहाराजांचं काम तर निराळंच. ज्ञानेश्वरी होऊन तीनशे वर्षं होत आली होती. नकलेवरून नक्कल, नकलेवरून नक्कल. कोणी शब्द चुकवला, कोणी आपली ओवी मधे घुसवली. नाथांनी जुन्या प्रती ताडून शके १५०६ साली, म्हणजे इसवी सन १५८४ ला, शुद्ध प्रत केली. आणि बजावलं की ह्यात आपल्या पदरची ओवी कोणी घालू नये. एवढे मोठे कवी, स्वतःचं भागवत लिहिलेले, पण दुसऱ्याचा ग्रंथ हातात घेतला तेव्हा स्वतःला बाजूला ठेवलं. हातातला बोरू कसा धरावा हे नाथांकडून शिकावं.

पुढं छापखाने आले. तुकोबांचा गाथा मुंबई सरकारच्या मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यात दोन भागांत छापला गेला, १८६९ आणि १८७३ ला. पण छापायला आधार कशाचा होता? घराघरांत जपून ठेवलेल्या हाताच्या वह्यांचा. बोरूनं लिहिलेलं होतं म्हणून छापता आलं. ज्यांनी त्या नकला केल्या त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत.

आता नुसत्या बोरूवर कोणी फार चढून जाऊ नये म्हणून भाषेनं एक शब्द करून ठेवला आहे, बोरूबहाद्दर. म्हणजे नुसता कागदावर शूर. रानात कुळव धरायला सांगितला की कंबर धरणार. तर बोरू हातात आला म्हणजे सगळं आलं असं नाही.

ह्या पेरापेराच्या काडीनं आपल्या भाषेत किती घरं केली आहेत, ती जरा बघू. नळ हे त्या गवताचं नाव. आतून पोकळ म्हणून त्यावरून नळी झाली, नळकांडं झालं. आणि सकाळी आयाबाया हंडा घेऊन म्हणतात, "नळाला पाणी आलं का?" तो नळ मुळात हेच गवत. शर म्हणजे सुद्धा बोरूच्याच जातीचं गवत. त्याचे बाण करायचे म्हणून बाणाला शर म्हणायला लागले. भीष्माचार्य शरपंजरी पडले ते ह्याच शब्दावर. मुंज नावाचंही असंच एक उंच गवत आहे. त्याची मेखला बटूच्या कमरेला बांधतात म्हणून त्या विधीचंच नाव मुंज पडलं. मुंज काही घरांतच होते. आपल्याकडं तुळशीची माळ आहे, ती कोणाच्याही गळ्यात पडते.

वेत शब्द घ्या. मास्तरच्या हातात वेत, म्हणजे छडी.  आणि गोठ्यात म्हैस दुसऱ्या वेताची. आता परगावचा माणूस आला आणि म्हणाला, "वेत कसा काय आहे?" तर मास्तर आणि गवळी दोन उत्तरं देतील, आणि दोघंही खरं बोलतील. शब्दाचं असं असतं. कुठं उभा आहे ते बघितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. माणसाचंही तसंच.

लव्हाळ्याचं तर विचारू नका. पुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळा राहतो, हा तुकोबारायांचा दाखला लहान पोराला पाठ आहे. नदीकाठी लव्हाळा दिसला की कीर्तनकार त्याला हात जोडतो. आणि तोच लव्हाळा आमच्या बागाईत रानात आला की आम्ही खुरपं घेऊन मागं लागतो. वरून काढला तरी खाली गाठ राहते, आठ दिवसांत परत हजर. त्याच जातीच्या नागरमोथ्याच्या गाठी वैद्य औषधाला घेतात, दिवाळीच्या उटण्यात घालतात. म्हणजे नदीकाठी गुरू, रानात वैरी, बरणीत औषध. लव्हाळा बदलला नाही. जागा बदलली.

आता एक मोठी गोष्ट सांगतो. ती आम्हाला एका जुन्या शास्त्रीबुवांनी सांगितली होती. नळाच्या काडीला दोन गाठींमधला जो भाग असतो त्याला कांड म्हणतात, कांडं म्हणतात. आणि जी गाठ असते तिला पर्व म्हणतात. आपला पेर शब्द त्या पर्वातूनच आला. आता रामायणाची कांडं किती? सात. महाभारताची पर्वं किती? अठरा. वाल्मीकींनी आणि व्यासांनी ग्रंथाचे भाग पाडले, त्यांना नाव दिलं ते ह्या काडीवरून. आणि पर्वणी म्हणजे काय? काळाला आलेली गाठ. वर्ष हा सरळसोट बांबू नाही, त्याला पेरं आहेत. आषाढी एक पेर, कार्तिकी एक पेर.

ऊस लावणाऱ्या माणसाला पेर काय ते सांगायला नको. कांडं कितीही रसरशीत असू द्या, नुसत्या कांड्याला कोंब येत नाही. कोंब येतो पेराला. डोळा तिथं, मूळ तिथं. आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणजे काय झालं? एक पेर आलं. लोक म्हणतात शंभर वर्षं पूर्ण झाली, सोहळा झाला. आम्ही म्हणतो, पेर आलं म्हणजे पुढचा कोंब इथूनच यायचा. इथं डोळा जिता आहे की वाळलाय, हे आज बघायचं आहे.

आता पाव्याकडं येतो, कारण हीही पोकळ काडीचीच गोष्ट, आणि कृष्णाशिवाय बोलणं पुरं होत नाही. मुरलीचा दृष्टांत तुम्ही शंभर वेळा ऐकला. गौळणी मुरलीला विचारतात, तू देवाच्या ओठाला कशी लागलीस? ती म्हणते, मी आतून रिकामी झाले. खरं आहे. पण आम्ही एकदा पावा करणाऱ्या माणसाजवळ बसलो होतो. तो वेळूचं कांडं घेतो, तापल्या सळईनं भोकं पाडतो, आतलं सगळं साफ करतो. पण एका टोकाला गाठ तशीच ठेवतो. गाठ नसली तर बूच मारतो. आम्ही विचारलं, "ही कशाला ठेवली?" तो म्हणाला, "बुवा, दोन्ही तोंडं मोकळी सोडली तर फुंकर आरपार जाईल. वाजेल कसा?" माउली, रिकामं व्हायचं हे आम्ही सांगत आलो. पण एक गाठ ठेवायची, हे त्या पावेवाल्यानं सांगितलं. ती गाठ म्हणजे नेम. एकादशी, माळ, वारी. बाकीच्या गाठी जाऊ द्या, ही एक राहू द्या, म्हणजे आत आलेला वारा सुरात निघेल.

सनईच्या तोंडाला पत्ती असते, तीही नळाच्याच जातीच्या काडीची. आपल्या भजनात आता पेटी आली. वीणा, टाळ, मृदंग ही आपली जुनी साधनं, पेटी मागाहून आलेली विलायती पाहुणी. पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात, भात्याचा वारा लागला की थरथरतात. पेटीवाले त्याला रीड म्हणतात. आमची नात तालुक्याला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "आबा, इंग्रजीत रीड म्हणजे तुमचा तो नळ. मागावर कोष्टी जी फणी ठोकतो तिलाही रीडच म्हणतात." म्हणजे तिकडंही त्या काडीचं तेच चाललंय. आता पट्टी पितळेची झाली, फणी लोखंडाची झाली, पण नाव काडीचंच राहिलं. काडी गेली, काम राहिलं, आणि कामाबरोबर नाव राहिलं.

एवढं सगळं का सांगितलं? आता आपल्या घरचं बोलतो.

आपल्या दिंडीचं एक बाड आहे. लाल फडक्यात बांधलेलं असतं, सप्ताहात वीण्याखाली ठेवतात. बऱ्याच जणांनी त्याला नमस्कार केला असेल, उघडून थोड्यांनी बघितलं असेल. आम्ही ह्या सप्ताहाच्या निमित्तानं पान न् पान बघितलं. पहिली पानं बोरूनं लिहिलेली आहेत, काजळाच्या शाईनं. शंभर वर्षं झाली, अक्षर काळं कुळकुळीत आहे. मधली पानं निळ्या शाईची आहेत, ती इतकी पुसट झाली की उन्हाला धरून वाचावी लागतात. शेवटची वीस पानं कोरी आहेत. कोरी का? आम्ही हिशेब केला. छापील भजनी मालिका हातात आली, मग मोबाइल आला, आणि बाडात लिहायचं थांबलं.

पहिल्या पानावर पहिल्या वारीला गेलेल्यांची नावं आहेत. अकरा नावं. अकराही पुरुषांची. पण त्याच पानाच्या खाली हिशेब आहे. पीठ इतकं, डाळ इतकी, मीठ, गूळ. मायबाप, पीठ होतं म्हणजे भाकरी होती. भाकरी होती म्हणजे थापणारी होती. आळंदी ते पंढरपूर त्या भाकऱ्या कोणी थापल्या? दिवे घाट कोण चढलं, नीरेच्या काठी चूल कोणी मांडली? बोरूनं पिठाचं वजन लिहिलं, तिचं नाव लिहिलं नाही. ज्यानं लिहिलं त्याला आम्ही दोष देत नाही, त्या काळची रीत होती. पण ती बाई म्हणजे रानातला बोरू. ती गाडली गेली, म्हणून हे शंभर वर्षांचं पीक आलं.

आजही बघा. वीणा कोणाच्या गळ्यात हे सगळ्यांना ठाऊक. पताका कोणाच्या खांद्यावर ते फोटोत येतं. पहाटे दोनला उठून टँकरपुढं रांग लावणारा कोण, ट्रक चिखलात रुतला तर चाकाखाली दगड लावणारा कोण, आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेऊन सकाळी परत रांगेत उभा राहणारा कोण, हे कुठं लिहिलंय? ह्या स्मरणग्रंथात देणगीदारांची यादी येणार आहे, ती यावीच. ज्यांनी दिलं त्यांचं भलं होवो. पण त्या यादीच्या आधी एक पान ह्या माणसांचं यावं, ही आमची विनंती आहे. चालकांनी मान डोलावली, ती सगळ्यांनी बघितली.

दुसरी गोष्ट जड आहे. गेल्या मार्गशीर्षात आपले विणेकरी अण्णा गेले. त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडं चाली आल्या होत्या. काकड्यातल्या, वासुदेवाच्या, गौळणींच्या. आता तेराव्यानंतर आम्ही चार जण बसलो आणि कोणती चाल कोणाला येते ते मोजलं. तीन गौळणी अशा निघाल्या की शब्द बाडात आहेत, पण चाल एकालाही येत नाही. एका पोराच्या मोबाइलात भरून ठेवली होती म्हणे, तो मोबाइल पावसात गेला. अण्णा गेले आणि तीन चाली गेल्या. आता त्या गौळणी आपल्याला वाचता येतील, म्हणता येणार नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो, हातातला बोरू पाहिजे आणि पावाही पाहिजे. शब्द कागदावर राहतो, चाल श्वासात राहते. कागद लाल फडक्यात बांधून ठेवता येतो, श्वास बांधून ठेवता येत नाही. तो एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात घालावा लागतो, दोघंही जिते आहेत तोवर. आज आपल्यात जुन्या चाली जाणणारी दोन माणसं उरली आहेत. दोघंही सत्तरीच्या पुढची. दोघंही आत्ता ह्या मांडवात बसली आहेत. त्यांच्याकडं बघा आणि मग मागं खांबाला टेकलेल्या पोरांकडं बघा. मधे अंतर किती? पंधरा पावलं. हे पंधरा पावलांचं अंतर आपण ह्या वर्षी चाललो नाही, तर पंढरपूरपर्यंत चालून काय मिळवलं?

तर शतकपूर्तीच्या निमित्तानं आम्ही तीन गोष्टी मागतो. पैसे लागत नाहीत.

एक. बाडाची शेवटची वीस पानं कोरी आहेत, ती भरायची. पोरांनी आणि पोरींनी भरायची, हातानं. बोरू तासून आम्ही देतो, ओढ्याच्या कडंला अजून चार काड्या उभ्या आहेत. टाकानं लिहा, पेनानं लिहा, पण हातानं लिहा, पाण्यानं पसरणार नाही अशा काळ्या शाईनं. कोणता अभंग आपल्या दिंडीत कुठं म्हणतात, कोणत्या मुक्कामाला काय म्हणतात, ते लिहा. जसं आहे तसं लिहा, नाथांची आज्ञा आहे, आपल्या पदरचं घालू नका. आणि पहिल्या पानावर ज्यांची नावं राहिली त्यांची नावं घरोघर विचारून लिहा. ज्या घरात पणजी दिंडीला जात होती त्या घरानं तिचं नाव सांगावं. ठाऊक नसलं तर "अमक्याची आई" एवढं तरी लिहा.

दोन. दर एकादशीला संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर एक तास त्या दोन वडीलधाऱ्यांपुढं पोरांनी बसायचं. एक चाल नीट बसली की मगच दुसरी. मोबाइलात भरून घ्या, आम्ही नको म्हणत नाही. पण मोबाइल हा कोठार आहे, पेरणी नव्हे. बी कोठारात राहिलं तर किडा लागतो.

तीन. ज्याला शेत आहे त्यानं निदान दहा गुंठे बोरू पेरावा. तुम्ही म्हणाल, दीड-दोन महिने रान अडकतं, परवडत नाही. आम्ही शेतकरीच आहोत, आम्हाला हिशेब कळतो. उसामागं ऊस, खोडव्यामागं खोडवा घेऊन जमिनी कशा झाल्या ते तुम्हालाही दिसतंय. बैल गेले, शेणखत गेलं, ढेकूळ फोडलं तर आत गांडूळ सापडत नाही. आणि वेळेचं म्हणाल तर सोय देवानंच करून ठेवली आहे. मृगाचा पाऊस झाला की बोरू फोका. ज्येष्ठ वद्यात पालखी निघते. बोरूला खुरपण लागत नाही, दाट पेरला तर खाली तण दबतं. तुम्ही वारीला चला, तो रानात वाढेल. आषाढी करून, पौर्णिमेचा काला घेऊन घरी या, जरा अंग हलकं करा, तोवर तो फुलाला येतो. श्रावणात गाडा. पुढं रब्बीची ज्वारी घ्या, नाही तर उसाची लागण करा. मातीत हात घालून बघा, फरक हाताला कळेल.

मांडवाच्या मागं बियाण्याची दोन पोती ठेवली आहेत. ते कोणी दिलं हे त्यानं सांगू नको म्हणून सांगितलंय, तर आम्ही सांगत नाही. जाताना पदरात, पिशवीत, उपरण्यात घेऊन जा. ज्याला शेत नाही त्यानं पोराला घेऊन बाडापाशी यावं, तिथं पान कोरं आहे.

एक बोरू लिहितो म्हणून नावं राहतात. एक बोरू स्वतःला गाडून घेतो म्हणून पीक राहतं. दिंडीला दोन्ही लागतात. आपल्यापैकी कोण कोणता व्हायचा ते पांडुरंग ठरवील. आपण फक्त मधेच लाकूड होऊ नये, वेळेला कामाला यावं, एवढंच त्याच्याकडं मागायचं.

रामकृष्ण हरी.